ब्लॉक कुठे घेतलात?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन जूनमध्ये येतो. बाहेर पहिला पाऊस लागलेला असतो, कपडे वाळत नसतात, गेल्या वर्षीच्या छत्रीच्या काड्या बाहेर आलेल्या असतात आणि फोनवर हा माणूस दिवाळीचं बोलत असतो. "ताई, कथा हवी. पंधरा ऑगस्टच्या पुढे जाऊ नका." मी दरवर्षी "हो हो, आहे एक डोक्यात" असं म्हणते. डोक्यात त्या क्षणी फक्त ओले टॉवेल असतात.

या जाचाची सुरुवात काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी करून ठेवली. १९०९ साली त्यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतला तो पहिला. तेव्हापासून मराठी लेखक चकलीचा सोऱ्या शोधायच्या चार महिने आधी कथा शोधायला लागतो. सोऱ्या निदान माळ्यावर सापडतो.

यंदा दहा ऑगस्ट उजाडला तरी माझ्या कागदावर एकच वाक्य होतं. 'पाऊस पडत होता.' तेही दुपारी खोडलं, कारण पाऊस थांबला.

त्याच संध्याकाळी मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी म्हटलं, "अगं, कसलं लिहिणं आणि कसलं काय! रायटर्स ब्लॉक आहे. दोन महिने झाले, त्यातून बाहेरच पडता येत नाहीये." हॉलमध्ये सासूबाई मालिका बघत होत्या. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. कान अर्धे गेलेत, पण कुठले अर्धे हे त्या ठरवतात. मी फोन ठेवला तसा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ब्लॉक कुठे घेतलात?"

गिरगावातल्या चाळीत उभा जन्म काढलेल्या बाईला ब्लॉक म्हणजे एकच. संडास-बाथरूम आत असलेलं, दार लावून घेता येईल असं स्वतःचं घर. चाळीतून जो उठायचा तो ब्लॉकमध्ये जायचा. आधी बोरिवलीला, डोंबिवलीला आणि मग आमच्यासारखा मीरा रोडला. त्यात हा रायटर्स ब्लॉक! बांद्र्याला साहित्यिकांची 'साहित्य सहवास' वसाहत आहे, पत्रकारांचं पत्रकार नगर आहे. मग लेखकांसाठी बांधलेल्या ब्लॉकला रायटर्स ब्लॉक नाही तर काय म्हणणार? त्यांच्या तर्कात कुठे फट नव्हती. उलट त्यांना एक रास्त शंकाही होती.

"आणि बाहेर पडता येत नाही म्हणजे? लिफ्ट नाही का?"

"काही नाही हो आई," म्हणून मी हसले आणि भाजी फोडणीला टाकायला उठले. खुलासा करायचा राहून गेला.

तसं बघितलं तर ब्लॉक हा शब्द आता मराठीच आहे आणि आपल्याला तो चारी बाजूंनी लागतो. रविवारी पश्चिम रेल्वेवर तो जम्बो असतो. फुटपाथवर तो पेव्हर असतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर पाय ठेवला की खालून पिचकारी उडते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांचे ते अँजिओग्राफीत निघतात, आणि "माझे दोन, तुमचे किती?" असं सकाळच्या बाकावर मोजले जातात. लेखकाच्या ब्लॉकचं नाव मात्र बाहेरून आलं. व्हिएन्नाहून अमेरिकेला गेलेले एडमंड बर्ग्लर नावाचे मनोविश्लेषक होते, त्यांनी १९४७ च्या सुमारास ते रूढ केलं. दुखण्याचं मूळ त्यांनी पार आईच्या दुधापर्यंत नेऊन भिडवलं. आमच्या घरात लिखाणाचा आणि दुधाचा संबंध एवढाच, की पहिलं जमू लागलं की दुसरं उतू जातं.

मराठीत आपण साधं म्हणतो, "सुचत नाही." हे क्रियापद मला फार सभ्य वाटतं. मी कथा सुचते असं कोणी म्हणत नाही. मला कथा सुचते. जशी भूक लागते, थंडी वाजते, ठेच लागते. त्यात मी कर्ता नाहीच, नुसती जागा आहे. मग दोष कसला घ्यायचा? ठेच लागली नाही म्हणून कोणी अपराधी वाटून घेतं का? फार तर चालायला बाहेर पडावं.

म्हणून चालायला बाहेर पडले. बेव्हर्ली पार्कात ठेच लागण्याची सोय उत्तम आहे.

हे नाव मला अठरा वर्षं पत्त्यात लिहावं लागतंय. कोकणातल्या मामांची पत्रिका 'बेवारली पार्क'वर आली होती, आणि एकदा एका पार्सलावर स्वच्छ अक्षरात 'बेवारशी पार्क' असं होतं. तेही पोचलं. बिल्डरने हे नाव बेव्हर्ली हिल्सवरून घेतलं असणार. टेकडी नव्हती, म्हणून पार्क. लॉस एंजेलिसला खरोखरच एक बेव्हर्ली पार्क आहे, फाटकाआडचं, तिथे हॉलिवूडचे तारे राहतात. आमच्याकडेही नटमंडळी राहतात, मालिकांमधली, भाड्याने, एकेका फ्लॅटमध्ये चौघं. मी अजून मागे गेले. बेव्हर्ली हिल्सला ते नाव मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्ली फार्म्सवरून मिळालं, तिथल्या बेव्हर्ली गावाला इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या बेव्हर्लीवरून, आणि त्या मूळ गावाच्या नावात आहे बीव्हर. चपट्या शेपटीचा प्राणी. दातांनी झाडं पाडतो, ओढ्यावर बांध घालतो आणि पाणथळ जागा धरून घर बांधतो.

म्हणजे बिल्डरच की! खारफुटी आणि मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या गावाला याहून चपखल नाव सापडलं नसतं. मी इतकी खूश झाले की अर्धा फेरा टाकून घरी परतले आणि चहा न घेता लिहायला बसले. चार ओळींत संपलं. इकडून तिकडे नाव कसं आलं ते सगळं कळलं होतं, आणि सगळं कळल्यावर लिहायला उरलंच काय होतं?

तिसऱ्या मजल्यावर मालिकेचा एक लेखक राहतो. तिशीतला मुलगा, डोळ्यांखाली वर्तुळं, हातात कायम चार्जर. लिफ्टमध्ये त्याला माझी व्यथा सांगितली तर तो म्हणाला, "ताई, आमच्यात ब्लॉक नसतो. एपिसोड असतो. काही सुचलं नाही की दाराची बेल वाजवायची आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे. तेवढ्यात शुक्रवार येतो." मी त्याला हरिभाऊ आपट्यांचं सांगितलं. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि आठवड्याच्या आठवड्याला कादंबरीचा हप्ता घालत राहिले. 'पण लक्षात कोण घेतो' तशीच आली. "त्यांचं चॅनल स्वतःचंच होतं ना," मुलगा म्हणाला. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. "बंद झाल्या? टीआरपी?"

तोपर्यंत लिफ्ट त्याच्या मजल्यावर येऊन गेली होती.

लेखकाला सुचत नाही असं कळलं की लोक विषय आणून देतात, हे एक वेगळं संकट आहे. पार्लरवाली म्हणते, "माझ्या आयुष्यावर लिहा, कादंबरी होईल." रिक्षावाला म्हणतो, पिक्चर होईल. शेजारच्या विंगमधल्या बाईंनी मला दिरांच्या जमिनीचा खटला सांगितला. सर्व्हे नंबर, सात-बारा, फेरफार, वकिलाचं आडनाव, तारखा. दोन तास. एवढी घट्ट विणलेली हकीकत मी पाहिलेली नाही. सुई घालायला जागा नव्हती. त्यांनी शेवटी विचारलं, "कशी वाटली स्टोरी?" मी म्हटलं, "पूर्ण आहे." त्या सुखावल्या.

आता किल्लीचं सांगते.

आठवड्यातून तीनदा मी बोरिवलीला शिकवायला जाते. दहिसर, मग बोरिवली, एवढाच प्रवास. बारा तारखेला लेडीज डब्यात दाराशी उभी होते. बाजूला एक बाई, माझ्याच वयाची, मोरपंखी कॉटनची साडी, खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात आयकार्ड उलटं लटकलेलं. फोनवर अगदी हळू बोलत होती. तीनच वाक्यं माझ्या कानावर आली. "नाही, किल्ली मी तिला दिलेली नाही. तुळशीतच आहे. आणि हे बघ, ती रडली तरी सांगायचं नाही." गाडी दहिसरला लागली आणि ती उतरून गेली.

बोरिवलीपर्यंतची पुढची काही मिनिटं मी जागची हलले नाही. कुठल्या घराची किल्ली? तुळशीच्या कुंडीत मातीखाली, मुळांशी? रोज पाणी घालताना हिला ती दिसते का? रडणारी कोण? बहीण, जाऊ, की म्हातारी आई? त्या रात्री बसल्या बैठकीला पाच पानं झाली. दूध उतू गेलं, नवऱ्याने पुसलं.

पाच पानं झाली की ती कुणाला तरी वाचून दाखवावी लागतात. गुणाढ्यानेही तेच केलं होतं. हा गुणाढ्य आपल्या पैठणचा, सातवाहनांच्या दरबारातला. सोमदेवाचा कथासरित्सागर सांगतो की त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने, कारण रानात शाई नव्हती. राजाने ती नापसंत करून परत पाठवली. साभार परत, आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात इतकं जुनं आहे. गुणाढ्य मग टेकडीवर अग्नी पेटवून बसला; एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत राहिली, वाळली, आणि राजाच्या ताटात कोरडं मांस यायला लागलं. राजा आजारी पडला तेव्हा चौकशी झाली. तो धावत आला तोवर सहा लाख जळले होते. उरलेल्या एका लाखावर सोमदेवापासून आपण सगळे जगतोय.

आमच्याकडे टेकडी नाही. मी खाली गेटजवळच्या बाकावर बसले आणि सोसायटीच्या काळ्या कुत्र्याला पानं वाचून दाखवायला लागले. त्याने पहिला परिच्छेद सोसला. दुसऱ्यात त्याला मांजर सुचली आणि तो गेला. पण केबिनमधला वॉचमन खुर्ची ओढून पुढे सरकलेला मला दिसला. त्याला मराठी ऐकून कळतं. तुळशीची कुंडी आली, किल्ली आली, रडणारी बाई दारात आली, आणि बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. तो फाटक उघडायला गेला. पाठोपाठ टेम्पो, मग पाण्याचा टँकर, मग टँकरवरून भांडण. वीस मिनिटांनी तो परत आला, घाम पुसत.

"मॅडम, फिर उस चाबी का क्या हुआ?"

गुणाढ्याच्या हरणांनी याहून वेगळं काय केलं असेल! पण मला उत्तर येत नव्हतं, आणि तिथे माझी बुद्धी फिरली. चौदा तारखेला तीच गाडी, तोच डबा धरला. मोरपंखी साडीऐवजी आज पिवळा ड्रेस होता. मी सरळ विचारलं.

बाई अजिबात रागावल्या नाहीत. फार आनंदाने सांगायला लागल्या. किल्ली पंपाच्या खोलीची. पाणी सोडायची वेळ सातची. पण दुसऱ्या मजल्यावरची कमिटी मेंबर साडेसहालाच पंप चालू करते आणि आपल्या बादल्या भरून घेते. म्हणून जनरल बॉडीत ठराव झाला की किल्ली तिला द्यायची नाही. ती मीटिंगमध्ये रडली. ठरावाचं सूचक कोण, अनुमोदक कोण, किती हात वर झाले. दहिसर आलं, बाई उतरल्या नाहीत. "थांबा, अजून संपलं नाही," म्हणून माझ्याबरोबर बोरिवलीपर्यंत आल्या.

पाच पानं त्या रात्री कपाटाच्या तळाशी घालायच्या कागदांत गेली.

हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. हेन्री जेम्सने लिहून ठेवलंय. नाताळच्या आदल्या रात्री जेवताना शेजारच्या बाई सहज बोलून गेल्या, की कुणा बाईचा आपल्या एकुलत्या एका मुलाशी जुन्या फर्निचरवरून उभा दावा पडलाय. तेवढ्या दहा शब्दांत जेम्सला कादंबरी दिसली. पण बाई पुढे सांगतच राहिल्या, खरं काय झालं ते, आणि इकडे जेम्स मनातल्या मनात म्हणत होता, आता पुरे. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ब्लॉक हा कोरड्या विहिरीचा प्रकार नाहीच. विहीर तुडुंब असते. आपण चौकशी फार करतो. आणि आता तर चौकशीही करावी लागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टमधल्या अनोळखी माणसाचा सीसीटीव्हीतला फोटो येतो आणि मिनिटभरात तीन जण कळवतात की तो बी विंगचा जावई आहे. एकेकाळी त्या माणसावर दीर्घकथा झाली असती.

सासूबाईंना हे सगळं न वाचता माहीत होतं. त्या तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या भक्त. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. अर्नाळा आमच्यापासून पाच स्टेशनं, खाडीपलीकडे विरारला उतरून समुद्राकडे जायचं. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवता चालवता त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय? आता?" असं विचारणारा माणूस रात्री बसून धुकं तयार करायचा. गिरगावातल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत ही पुस्तकं इतकी फिरायची की शेवटची पानं गळून गेलेली असत. "मग खुनी कोण ते कळायचं कसं, आई?" असं मी एकदा विचारलं होतं. "कळायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "मी आणि माझी बहीण रात्री गॅलरीत बसून ठरवायचो. कधी कधी तिचा वेगळा, माझा वेगळा."

दरम्यान, ब्लॉक वाढत होता.

आधी दूधवाल्याने विचारलं, दूध एक तारखेपासून बंद करू की महिना भरून घेताय? मग सेक्रेटरी भेटले. "मेंटेनन्स क्लिअर करून टाका, एनओसीला वेळ लावणार नाही." दुसऱ्या मजल्यावर आमचं बांद्र्याला ठरलं होतं. चौथ्या मजल्यावर सरकारने मला लेखिका म्हणून ब्लॉक दिला होता. ए विंगमध्ये माझं नवऱ्याशी पटत नसल्याने ब्लॉक मी एकटीने घेतला होता आणि आता बाहेर पडता येत नव्हतं. भांडी घासणाऱ्या मावशी दोन दिवस गप्प गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "जाताना नव्या लोकांकडं माझं काम लावून द्या, ताई. तेवढं करा."

मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "आई, तुम्ही खाली काय सांगितलंत?"

"मी?" त्यांनी चष्मा काढला. "मी कुठे काय सांगितलं! एवढंच म्हटलं, सून हल्ली रात्रीची उठून बसते. ब्लॉकचं काहीतरी आहे म्हणे. पुढचं त्यांचं त्यांनी."

एवढा शिस्तशीर गाळलेला शेवट मला तीस वर्षांत जमलेला नाही.

पंधरा तारखेला सकाळी झेंडावंदन झालं, जिलेब्या वाटून झाल्या आणि अकराच्या सुमाराला बेल वाजली. तीनदा चेहरे दाखवावेत असंच दृश्य होतं. दारात इस्टेट एजंट आणि मागे एक जोडपं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "या, या. बसा." त्यामुळे ते बसले.

नवरा उंच, शर्टाच्या खिशाला पेन, खिडक्यांची दिशा विचारत होता. बायकोने काही विचारलं नाही. ती हॉलभर नजर फिरवत उठली आणि सरळ लहान खोलीच्या दाराशी जाऊन थांबली. ही खोली सासूबाईंची. पलंग, त्यावर घडी घातलेली गोधडी, कोपऱ्यात देवघर, खुंटीला काठी. ती बराच वेळ त्या काठीकडे बघत होती. तिने चौकटीला हात लावला, वरपासून खालपर्यंत, लाकूड बघतात तसा नव्हे. नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"आणि आईंना काय सांगायचं?" तिने विचारलं. अगदी हळू.

"काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "आधी सामान येऊ दे."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला सगळं ऐकू आलं. सासूबाईंना त्यांच्या खुर्चीतून ऐकू यायचं काही कारण नव्हतं, आलं. माझ्या ओठांवर प्रश्न आलेला त्यांनी पाहिला, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने माझ्याकडे असं काही बघितलं की मी तिथल्या तिथे गप्प झाले. मग त्या त्या मुलीकडे वळल्या.

"चहात साखर किती गं तुला?"

"अर्धा चमचा," ती म्हणाली, आणि परत खोलीकडे बघायला लागली.

मी आत गेले. गॅसवर दूध ठेवलं, ओट्यावर किराण्याची यादी पडली होती ती उलटी केली आणि पेन शोधलं.